पायी, सायकलने, घोड्यावरून जायच्या वाटा सुधारायच्या असतील तर आधी लोक परत कुठून फिरतात ते शोधा

वाट सुधारायची म्हटलं की बहुतेक जण आधी नकाशा उघडतात आणि त्यावर रेघा मारायला लागतात, इथून तिथे सायकल ट्रॅक, मग नदीकाठाने चालायची वाट, मध्ये एक छोटा पूल, आणि मिटिंगमध्ये ते सगळं दिसतंही छान. मी अशा बऱ्याच मिटिंगांना बसलेय आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीये की नव्या रेघेपेक्षा जास्त फायदा असलेल्या वाटेवरच्या एकेका अडलेल्या जागेत असतो. चार किलोमीटरची सुंदर वाट असते, सावली असते, गाड्यांचा त्रास नसतो, आणि मध्ये कुठेतरी वीस पावलांचा चिखल असतो, बस, त्या वीस पावलांपायी उरलेली सगळी वाट फुकट जाते. म्हातारी माणसं तिथून परत फिरतात, बाबागाडीवाले परत फिरतात, आणि एकदा परत फिरलेला माणूस पुन्हा त्या वाटेला येत नाही.

म्हणून माझ्या मते प्लॅनचा पहिला प्रश्न नवीन वाट कुठे काढायची हा नसतोच, आहे त्या वाटेवरून लोक परत कुठून फिरतात हा असतो. एवढं मनात धरून बसलात तर पुढची कामं आपोआप रांगेत लागतात.

आधी चालून बघा, आणि एकटे जाऊ नका

वाट किमान तीनदा चाला. एकदा चांगला पाऊस पडून गेल्यावर लगेच, एकदा सुट्टीच्या दिवशी गर्दीच्या वेळी, आणि एकदा संध्याकाळी अंधार पडता पडता. कोरड्या दिवशी सकाळी दहा वाजता कुठलीही वाट बरीच वाटते, त्या पाहणीवर प्लॅन उभा करू नका. आणि दोन्ही दिशांनी चाला, हे मी मुद्दाम सांगतेय कारण खूप जण एका टोकाने जातात आणि गाडीने परत येतात. जाताना जी पाटी ठळक दिसते ती येताना झाडामागे गेलेली असते, जाताना जो उतार वाटतो तो येताना दम काढणारा चढ असतो.

सोबत टेप, फोनमधलं उतार मोजायचं ॲप, आणि लोकेशनसकट फोटो काढता येईल असा कॅमेरा पुरे. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोबत कोण आहे. व्हीलचेअर वापरणारं कोणी, नीट न दिसणारं कोणी, लहान मूल घेऊन चालणारं कोणी, रोज सायकलने कामाला जाणारं कोणी, आणि त्या वाटेवर घोडे येत असतील किंवा यावेत असं वाटत असेल तर एक घोडेस्वार, घोड्यासकट. प्रत्येकाला एकच काम द्या, जिथे मनात आलं की आता नको, परत जाऊया, तिथे थांबायचं आणि सांगायचं. तिथे फोटो काढायचा आणि कारण त्यांच्याच शब्दात लिहून घ्यायचं, आपल्या भाषेत सुधारून नाही. चढ तीव्र आहे असं आपण लिहितो, ते म्हणतात इथे ब्रेक सुटला तर मी सरळ ओढ्यात जाईन, आणि दुसऱ्या वाक्यावरून कळतं की चढ कमी करता येत नसेल तर निदान कठडा तरी हवा.

एक प्रसंग सांगते. एका वाटेच्या तोंडाशी मोटारसायकली येऊ नयेत म्हणून लोखंडी पाइपांचा नागमोडी अडथळा बसवला होता, दोन आडवे पाइप, मधून इंग्रजी एस सारखं वळून जायचं. आम्ही तिथे तासभर उभे होतो. एक गृहस्थ तीनचाकी सायकलवर आले, पायात ताकद कमी असल्याने ते दोनचाकी चालवू शकत नव्हते, त्यांनी पुढचं चाक आत घातलं, अडकलं, मागे घेतलं, तिरकं घालून पाहिलं, मग त्यांच्या बायकोने मागचं चाक उचलून वळवायचा प्रयत्न केला, तिचा हात पाइप आणि हॅन्डलच्या मध्ये चेमटला. दोघं काही बोलले नाहीत, सायकल वळवली आणि निघून गेले. त्याच तासात दोन मोटारसायकली शेजारच्या झुडपातल्या फटीतून आत गेल्या, जाऊन जाऊन तिथे पक्की चाकोरी पडली होती. अडथळा ज्यांच्यासाठी होता ते आत आणि ज्यांच्यासाठी वाट होती ते बाहेर. ब्रिटनमध्ये सस्ट्रान्स या संस्थेने २०१८ साली तिथल्या राष्ट्रीय सायकल नेटवर्कची तपासणी केली तेव्हा असे १६ हजारांहून जास्त अडथळे निघाले होते, म्हणजे हा एखाद्या वाटेपुरता प्रकार नाही. त्यामुळे प्रत्येक गेट, खांब, पायरी मोजा, मोकळी जागा किती सेंटीमीटर ते लिहा आणि पुढे एक कॉलम ठेवा, हे कशासाठी बसवलं होतं आणि ते काम ते आज करतंय का.

वाट कोणाची आणि कोणाला हक्क आहे

हे कंटाळवाणं वाटतं पण हे न करता पुढे गेलात तर काम मध्येच अडकतं. जमीन कोणाची, वाट सरकारदफ्तरी नोंदलेली आहे का, आणि नोंदलेली असेल तर फक्त पायी जाणाऱ्यांसाठी की सायकल आणि घोड्यांसाठीपण. देशोदेशी हे वेगवेगळं असतं. इंग्लंडमध्ये फुटपाथ म्हणजे फक्त पायी आणि ब्रायडलवे म्हणजे पायी आणि घोडा, ब्रायडलवेवर सायकलला परवानगी १९६८ च्या कायद्याने मिळाली आणि तीसुद्धा या अटीवर की सायकलवाल्याने चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी जाऊ द्यायचं. तिथून वर स्कॉटलंडमध्ये गेलं तर २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागलात तर बहुतेक जमिनीवरून पायी, सायकलने, घोड्यावरून जायचा हक्कच आहे, आणि तिथल्या स्थानिक संस्थांना मुख्य वाटांचा प्लॅन करावा लागतो. एकाच बेटावर दोन पद्धती, म्हणून दुसऱ्या ठिकाणचा प्लॅन जसाच्या तसा उचलू नका, आपल्याकडचा कायदा आधी वाचा.

वाट ज्याच्या जमिनीतून जाते त्याला पहिल्या आठवड्यातच भेटा. बाहेरून त्याचा विरोध दिसतो, पण बसून बोललं की बहुतेक वेळा एखादीच ठराविक काळजी निघते, गेट उघडं राहतं आणि जनावरं बाहेर जातात किंवा कुत्री मोकळी सुटतात अशी. त्यावर उपाय असतो, आपोआप बंद होणारं गेट हे त्यातलं सगळ्यात स्वस्तातलं काम.

जे येत नाहीत त्यांना कसं मोजणार

वाटेवर काउंटर लावतात, इन्फ्रारेडचा, समोरून कोणी गेलं की एक आकडा वाढतो. लावा, उपयोगी असतो, काम झाल्यावर फरक पडला का ते त्यानेच कळतं. पण नेमकं इथेच घोडं पेंड खातं, काउंटर फक्त आलेल्यांना मोजतो. व्हीलचेअरवालं कोणी वाटेवर दिसत नाही म्हणून तिथे व्हीलचेअरची गरज नाही असा निष्कर्ष मी एका रिपोर्टात वाचलाय, आणि त्याच वाटेच्या तोंडाशी तीन पायऱ्या होत्या.

म्हणून लोकांकडे जा. शाळेच्या गेटवर मुलांना सोडायला येणाऱ्यांना विचारा की चालत का येत नाही, तबेल्यात जाऊन विचारा की कुठल्या बाजूला जायचं टाळता, दवाखान्यात, वाचनालयात, कारखान्याच्या शिफ्ट सुटायच्या वेळी. प्रश्न असा विचारा की पूर्वी या वाटेने जायचात आणि आता जात नाही असं आहे का, आणि नेमकं कधीपासून. तुम्हाला काय सुधारणा हव्यात असं विचारलं की लोक बाकडी आणि कचऱ्याचे डबे सांगतात, कधीपासून जात नाही असं विचारलं की त्या वर्षी पडलेलं झाड, बंद झालेला पूल, अंगावर आलेला कुत्रा अशी खरी कारणं बाहेर येतात.

इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने स्थानिक संस्थांना अशा वाटांच्या सुधारणेचा प्लॅन करणं बंधनकारक केलं, पाच वर्षांत करायचा आणि निदान दर दहा वर्षांनी पुन्हा तपासायचा, आणि त्यात काय बघायचं तेही लिहून दिलं, वाटा लोकांच्या आजच्या आणि पुढे येणाऱ्या गरजा किती भागवतात, व्यायामाला आणि मोकळ्या हवेत फिरायला किती वाव देतात, आणि अंध किंवा कमी दिसणाऱ्यांना आणि हालचालीची अडचण असलेल्यांना किती वापरता येतात. मला ही यादी आवडते कारण यात लांबी वाढवा असं कुठेच म्हटलेलं नाही. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी हे तीन प्रश्न उचलायला काहीच हरकत नाही.

पाणी, आणि पुन्हा पाणी

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण वाटा बिघडतात त्या बहुतेक पाण्याने बिघडतात, पायांनी आणि टापांनी त्यात फक्त भर पडते.

पावसात छत्री घेऊन वाटेवर उभं राहून बघा. पाणी वाटेवर कुठून येतं, वाटेवरून किती अंतर पळतं आणि कुठून उतरतं. चांगल्या वाटेवर पाणी आडवं येतं आणि आडवंच निघून जातं. वाईट वाटेवर ते येतं आणि वाट धरून चालायला लागतं, दहा मीटर, पन्नास मीटर, वेग वाढत जातो, बारीक माती आधी जाते, मग खडी सुटते, मग मधोमध घळ पडते. घळ पडली की लोक कडेने चालतात, कडेचं गवत मरतं, आणि दोन मीटरची वाट बघता बघता सात-आठ मीटरचा चिखलाचा पट्टा होऊन बसते. मग कोणीतरी म्हणतं लोक वाट सोडून चालतात, दंड करा. लोक बिचारे कोरडी जागा शोधत असतात हो.

यावर पहिला उपाय आखणीतच असतो. डोंगराच्या अंगावरून वाट सरळ वर नेऊ नका, तिरकी न्या. डोंगरवाटा बांधणारे एक साधा नियम पाळतात, वाटेचा चढ त्या डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. म्हणजे डोंगर शंभर मीटरला वीस मीटर उतरत असेल तर वाट शंभर मीटरला दहापेक्षा जास्त चढू नये, त्याहून जास्त झाली की पाणी वाट ओलांडून जायच्या ऐवजी वाटेनेच उतरतं. सपाटीला तर हा नियम जास्तच लागू पडतो, पाण्याला जायला जागाच नसते, म्हणून तिथे वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उचलून घ्यावी लागते आणि कडेला चर काढावा लागतो.

दुसरा, वाटेला आडवा उतार द्या. पक्क्या वाटेला शंभर सेंटीमीटरला दोन सेंटीमीटर पुरतो, पाणी निघून जातं आणि व्हीलचेअर एका बाजूला ओढली जात नाही. त्याहून जास्त दिला तर व्हीलचेअरवाल्याला सगळा वेळ एकाच हाताने जोर लावत राहावं लागतं, हे आपल्याला चालताना कळतसुद्धा नाही. मातीच्या डोंगरवाटेवर थोडा जास्त देतात, पाचेक सेंटीमीटर, खालच्या बाजूला. तिसरा, लांब चढावर ठराविक अंतराने वाटेलाच हलकी लाट द्या, थोडी खाली जाऊन पुन्हा वर, म्हणजे वाटेने येणारं पाणी त्या खोलगटात येऊन बाहेर पडतं. लाकडाचा ओंडका आडवा टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं, ओंडक्यामागे माती साठते, सायकलचं चाक ओल्या लाकडावर घसरतं, आणि घोडा तिथे बिचकतो.

आणि मोरी, म्हणजे वाटेखालून पाणी काढायची नळी, बसवणार असाल तर मोठी बसवा. लहान नळ्या पानांनी तुंबतात आणि तुंबलेली मोरी म्हणजे वाटेवर बांधलेला बंधाराच. हाताने आत फावडं घालून साफ करता येईल एवढं तोंड हवं.

ब्रिटनमधला पेनाइन वे हा या सगळ्याचा मोठा धडा आहे. १९६५ साली सुरू झालेला, ४०० किलोमीटरहून लांब, आणि त्याचा बराच भाग पीटवरून जातो, पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची मऊ काळी जमीन, ओली झाली की पाय गुडघ्याएवढा आत. लोक वाढले तशी वाट रुंदावत गेली, काही ठिकाणी नुसता काळा चिखल. शेवटी तिथे मोठमोठ्या दगडी फरशा टाकल्या, पाडलेल्या जुन्या गिरण्यांमधल्या, हेलिकॉप्टरने नेऊन. काहींना ते अजूनही आवडत नाही, डोंगरात फरशी कशाला म्हणतात, पण वाट पुन्हा अरुंद झाली आणि कडेचं गवत आणि झुडपं परत आली. मला वाटतं तिथल्या दगडाचाच मऊ जागी वापर करणं हे सिमेंट ओतण्यापेक्षा केव्हाही चांगलं.

तीन जणांची अंगं वेगळी, त्यांची वाट एक

चालणारा, सायकलवाला आणि घोडेस्वार यांची भांडणं होतात असं सगळे सांगतात. मी बघितलेली बहुतेक भांडणं स्वभावाची नव्हती, रुंदीची आणि नजरेची होती.

घोड्याचं आधी सांगते कारण प्लॅन करणाऱ्यांना त्याचीच सगळ्यात कमी माहिती असते. घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं पण नेमकं पाठीमागचं दिसत नाही. मागून आवाज न करता सायकल आली की त्याला काहीतरी झडप घालायला आलंय असं वाटतं आणि साधारण पाचशे किलोचं जनावर एका क्षणात बाजूला उडी मारतं. बेल वाजवण्यापेक्षा माणसाचा आवाज चांगला, येऊ का पुढे असं लांबूनच म्हटलं की स्वार घोडा वळवतो, घोडा बघतो, शांत होतो. हे पाटीवर लिहिता येतं आणि लिहावं. पण पाटीच्या भरवशावर राहू नका, वळणावर आतल्या बाजूची झुडपं कापून नजर मोकळी करा, निम्मा प्रश्न तिथे सुटतो.

स्वाराचे डोळे जमिनीपासून अडीच मीटरवर असतात, म्हणून आपल्या डोक्यावरून जाणारी फांदी त्याच्या तोंडावर येते. साडेतीन मीटर उंचीपर्यंत मोकळं ठेवा, आणि लक्षात घ्या की पावसात पानं भिजली की फांद्या खाली येतात. गेट दीड मीटर तरी रुंद हवं आणि कडी खोगिरावर बसल्या बसल्या हाताला लागेल अशी उंच, गेटच्या दोन्ही बाजूंना घोडा वळवायला जागा. मी एकदा एका स्वार मुलीला गेट उघडताना बघितलं, ती एका हातात लगाम, दुसऱ्या हाताने वाकून खालची कडी शोधत होती, घोडा मागे सरकला, गेट परत मिटलं, असं चार वेळा. शेवटी उतरली, गेट उघडलं, घोडा काढला, गेट लावलं, आणि मग पुन्हा चढायला जवळ काही उंच नव्हतं म्हणून अर्धा किलोमीटर घोड्याला धरून चालत गेली. एक लांब दांड्याची कडी आणि एक दगडी ओटा, दोनच गोष्टी कमी होत्या तिथे.

पुलाचा कठडा घोड्यासाठी उंच लागतो, १.८ मीटर धरतात, आणि पुलाची लाकडी पट्टी खालचं पाणी दिसेल अशी फटीफटीची नको, कितीतरी घोडे तिथे अडून बसतात.

सायकलवाल्यांना काय हवं तर सलगपणा. थांबा, उतरा, ढकला, पुन्हा बसा असं दर दोनशे मीटरला झालं की ते मोठ्या रस्त्याने जातात. खांब लावायचेच असतील तर मध्ये दीड मीटर अंतर ठेवा, आणि साध्या सायकलचा नाही, मालवाहू आणि तीनचाकी सायकलींचा आकार धरून प्लॅन करा. इंग्लंडच्या २०२० च्या सायकल मार्गदर्शिकेत यासाठी २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद हे माप धरलंय, फोनवर लिहून ठेवा आणि प्रत्येक वळणावर खडूने जमिनीवर काढून बघा बसतं का. त्यातच चढाचंही आहे, शंभरला पाच मीटरचा चढ असेल तर तो तीस मीटरपेक्षा लांब नको, शंभरला दोनचा असेल तर दीडशे मीटर चालतो.

चालणाऱ्यांना वाटतं काही लागत नाही, आणि तिथेच चूक होते. त्यांना टेकायला जागा लागते, वारंवार, आणि हात ठेवून उठता येईल अशी. पांढरी काठी वापरणाऱ्याला वाटेची कड काठीला कळेल अशी हवी, गवत आणि खडीतला फरकसुद्धा पुरतो, पण कड एकसलग हवी.

मग हे सगळं एका वाटेत बसवायचं कसं. जागा असेल तर तीन मीटर पक्की वाट आणि कडेला घोड्यासाठी गवताचा किंवा मऊ मातीचा पट्टा, कारण गुळगुळीत डांबरावर नाल घसरतो आणि मऊ मातीत सायकल रुततात. जागा नसेल तर दगडी चुरी नीट दाबून, रोलर फिरवून केलेली वाट तिघांनाही बऱ्यापैकी चालते, मात्र आडवा उतार आणि चर नीट हवेत नाहीतर दोन पावसाळ्यांत सगळं वाहून जातं. आणि काही वाटा सगळ्यांसाठी करूच नयेत असंही माझं मत आहे. दीड मीटरची कड्यावरची वाट फक्त पायी राहू द्या आणि सायकल-घोड्यांना जवळून दुसरी द्या. सगळ्यांना सगळीकडे हा हट्ट धरला की शेवटी कोणालाच कुठे नीट जाता येत नाही.

तुटलेले दुवे

वाटांच्या नकाशावर एक रंग वापरून फक्त सुखाने जाता येतं तो भाग रंगवा. मग दिसतं की एक अख्खी वाट नाहीच, तुकडे आहेत, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये बहुतेक वेळा एक मोठा रस्ता, रेल्वे किंवा नदी आहे. वर्दळीच्या रस्त्यावर वाट निघाली आणि पुढची वाट तीनशे मीटरवर असेल तर ते तीनशे मीटर हाच सगळा प्रोजेक्ट. तिथे ओलांडायची जागा, सिग्नल, आणि घोडे येत असतील तर बटण दोन ठिकाणी, एक चालणाऱ्याच्या हाताशी आणि एक वर स्वाराच्या हाताशी. ब्रिटनमध्ये अशा क्रॉसिंगला पेगॅसस म्हणतात.

२०२० साली सस्ट्रान्सने ब्रिटनमधल्या त्या राष्ट्रीय सायकल नेटवर्कमधला जवळजवळ पाव भाग काढून टाकला किंवा वेगळ्या वर्गात टाकला, कारण बरेचसे तुकडे वर्दळीच्या रस्त्यांवरून जाणारे, नवख्या माणसाला सुरक्षित नसलेले होते. स्वतःचा आकडा कमी करायला हिंमत लागते आणि मला तो निर्णय बरोबर वाटतो. नकाशावर वाट दाखवली म्हणजे आपण कोणाच्या तरी मुलाला तिथे पाठवतोय.

जोडण्यासाठी बंद पडलेले रेल्वेमार्ग मिळत असतील तर ते आधी बघा. रेल्वेचा चढ मुळातच सौम्य असतो, पूल आणि मोऱ्या तयार असतात, आणि वाट गावांच्या मधोमध पोचते. इंग्लंडमधला ब्रिस्टल आणि बाथ या दोन शहरांमधला जुना रेल्वेमार्ग असाच सायकल आणि चालण्याची वाट झाला, १९७९ ते १९८६ या काळात. कालव्याच्या कडा, पाइपलाइनच्या कडाही बघाव्यात, फक्त पाण्याकाठच्या अरुंद वाटेवर सायकलींचा वेग हा वेगळा विषय आहे, तिथे रुंदी मिळत नसेल तर नको.

पाट्यांबद्दल थोडक्यात. कुठे जाते, किती लांब, आणि पुढे काय आहे, म्हणजे पायऱ्या, गेट, तीव्र चढ, हे लिहा. सोपी वाट, अवघड वाट असं लिहू नका, कोणाला काय अवघड ते ज्याचं त्याला ठरवू द्या. मोठं जाळं असेल तर बेल्जियमच्या लिंबर्गमध्ये १९९५ च्या सुमारास सुरू झालेली पद्धत उत्तम, प्रत्येक चौकाला नंबर आणि लोक नंबरांची साखळी लिहून घेऊन निघतात, कितीही लांबचा फेरा स्वतःच जोडता येतो.

कामं लावायची कशी

सगळ्या परत फिरायच्या जागा एका शीटमध्ये घ्या. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहा, इथून कोण परत फिरतं, ही जागा सुटली तर पुढे किती लांब वाट मोकळी होते, आणि काम फावड्याने होणारं आहे, ठेकेदाराचं आहे की कायदेशीर परवानगीचं. मग ज्यात फावड्याने मोठी वाट मोकळी होते ती कामं याच महिन्यात करून टाका, प्लॅन छापून यायची वाट बघू नका. चर साफ करणं, फांद्या कापणं, नको असलेला खांब उपटणं, गेटची कडी बदलणं. फांद्या मात्र पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात कापू नका. परवानगीची कामंही आजच सुरू करा कारण ती सगळ्यात हळू चालतात, पूल मंजूर व्हायला वर्षं जातात.

प्रत्येक कामाच्या ओळीत दुरुस्तीचा खर्च आणि दुरुस्ती करणाऱ्याचं नाव वेगळ्या कॉलममध्ये हवंच. ज्या कामापुढे तो कॉलम रिकामा राहतो ते काम मी यादीतून खाली ढकलते, मग ते कितीही देखणं असो. उद्घाटनाला दहा जण येतात, तिसऱ्या वर्षी मोरी उपसायला एक माणूस लागतो आणि तो कोण हे कोणालाच माहीत नसतं.

प्लॅनचा ड्राफ्ट लोकांपुढे ठेवताना वाटेवरच ठेवा, म्हणजे त्या अडलेल्या जागी एक फलक लावा, इथे आम्ही हे करणार आहोत, या तारखेपर्यंत सांगा. हॉलमधल्या सभेला तेच ते चेहरे येतात, फलकापाशी रोज कुत्रा फिरवणारे थांबतात आणि सांगतात की अहो पाणी इथून नाही, त्या वरच्या बांधातून येतं. एका ठिकाणी आम्ही मोरीची जागा असं कळल्यावर बारा मीटर सरकवली.

काम झालं की ठेकेदाराचं शेवटचं बिल लगेच देऊ नका, करारातच लिहून घ्या की पहिल्या मोठ्या पावसानंतर एकत्र पाहणी होईल आणि मग बिल निघेल. त्या दिवशी गमबूट घाला, फावडं घ्या, आणि पहिल्या पाहणीला जे सोबत होते त्यांनाच पुन्हा बोलवा. ते गृहस्थ, तीनचाकीवाले, आमच्या दुसऱ्या पाहणीला आले होते, अडथळा काढून तिथे दीड मीटरवर दोन खांब लावले होते आणि झुडपातली फट लावून घेतली होती. ते न उतरता आत गेले, पुढे वळणापर्यंत गेले, तिथे थांबून हाताने खूण केली की इथे अजून पाणी साठतंय. ती जागा आमच्या यादीत नव्हती, कारण पहिल्या वेळी ते तिथपर्यंत पोचलेच नव्हते.